अकरावी ओळ

कुसुमाग्रजांची ‘कणा’ माहीत नसलेला मराठी वाचक सापडणे अवघड. शाळेचा निरोप समारंभ, पूरग्रस्तांसाठी काढलेली मदतफेरी, स्पर्धा परीक्षेच्या वर्गाची भिंत, सगळीकडे ती असते. बहुतेक ठिकाणी तिचे शेवटचे दोन चरणच असतात. संसार गेला तरी ताठ राहिलेला माणूस आणि त्याने मागितलेला एक शब्द, एवढ्यावर कविता आटोपते. मला मात्र ही कविता शेवटाकडून वाचवत नाही. चौदा ओळींची, दोन-दोन ओळींच्या सात जोड्यांची ही रचना आहे आणि तिच्या अकराव्या ओळीत एक हात खिशाकडे जातो. माझे सगळे वाचन त्या हातापाशी अडते.

त्याला कारण माझे काम आहे. नाशिकमध्ये बेघरांसाठी निवारा चालवणाऱ्या एका संस्थेचे कागद मी सांभाळतो. नोंदवही, हजेरीपट, देणगीच्या पावत्या, ऑडिटच्या फायली, महापालिकेला द्यायचे अहवाल. रात्री रस्त्यावर फिरून माणसे निवाऱ्यात आणणारे कार्यकर्ते वेगळे, त्यांची जेवणखाणे आणि आजारपणे पाहणारे काळजीवाहक वेगळे. माझी खुर्ची त्यांच्या मागच्या खोलीत आहे. तिथे बसून जी माणसे दिसतात त्यांच्यामुळे ‘कणा’तल्या दोन माणसांपैकी मला सर जास्त जवळचे वाटू लागले. आणि सरांविषयी आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही.

सर या कवितेत एक शब्दही उच्चारत नाहीत, हे एकदा लक्षात आले की कविता वेगळी ऐकू येते. भर पावसात कुणीतरी दारात येते. अंगावर चिखल, केसांतून पाणी. पहिलाच उद्गार प्रश्न आहे: मला ओळखले का? सरांनी ओळखले की नाही, हे कवी सांगत नाही. ‘ये’, ‘बस’, ‘पूस ते पाणी’ यांतले काहीही सरांच्या तोंडी नाही. आलेला क्षणभर टेकतो, हसतो, वर पाहतो आणि बोलू लागतो. त्यानंतरची कविता जवळजवळ सगळी त्याची आहे. कवी मध्ये येतो तो एकदाच, अकराव्या ओळीत. हात खिशाकडे वळतो. कुणाचा हात, तेही कवी लिहीत नाही. मराठीत ते सहज लिहिता आले असते, पण कुसुमाग्रजांनी सरांचे नाव त्या हाताला लावलेले नाही. देणाऱ्याला त्यांनी व्याकरणातही आड ठेवले आहे. मला ही त्या कवितेतली सर्वांत नाजूक कारागिरी वाटते. सरांवर ठपका नको, सरांची थोरवीही नको. चांगल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप जिथे जातो तिथे तो गेला, इतकेच.

तो हात का थांबवला जातो हे कळायला त्याआधीच्या सात ओळी सावकाश वाचाव्या लागतात, आणि त्या वाचताना नाशिक डोळ्यांपुढे असले तर बरे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगेवर जाऊन येतो, गंगेला पूर आला म्हणतो. कवितेतली गंगा इथल्या माणसाला काशीची वाटत नाही, ती रामकुंडावरून वाहणारी, रोजच्या बघण्यातली आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गावाचे डोळे दुतोंड्या मारुतीकडे लागतात. पाणी त्याच्या गुडघ्याला आले, कमरेला आले, गळ्याला लागले, या भाषेत शहर एकमेकांना पुराची खबर देते. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी चढल्याच्या आठवणी घरोघर आहेत. 1969 चा पूर जुन्या माणसांच्या कालगणनेतला टप्पा आहे. 2008, 2016 आणि 2019 चे पूर आताच्या पिढीने पाहिले. सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरते ते बातम्यांत येते. गंगावाडीतल्या खोल्यांत किती शिरले, काझीच्या गढीची माती आणखी किती ढासळली, हे त्या त्या घरातल्या माणसांना ठाऊक असते. ‘कणा’तला माणूस या वस्तीतला आहे असे मी धरून चालतो. कवीने तसे म्हटलेले नाही, पण त्याच्या बोलण्याला या काठाचा वास आहे.

तो बोलतो कसे, ते पाहा. नदीने घर धुऊन नेले आहे आणि तो सांगतो की पाहुणी आली होती, राहून गेली. लगेच ती पाहुणी आणखी जवळची होते. माहेरी आलेली लेक जशी घरभर बागडते तशी ती घरात बागडली. आता लेकीला माहेराहून रिकाम्या हाताने कोण पाठवील? मग तिने जाताना सगळे नेले. आणि तिच्याकडून घराला काय मिळाले, तर डोळ्यांच्या कडांवर ठेवलेले चार थेंब, देवाच्या दारचा प्रसाद असावा तसे. आपल्या घरांत लेक परत निघते तेव्हा तिची ओटी भरतात, डबे देतात, लुगडे देतात, दारापर्यंत जातात. हा माणूस आपली धूळधाण त्या पाठवणीच्या रीतीत बसवून सांगतो आहे. या ओळींना बहुतेक लोक विनोदबुद्धी किंवा जिंदादिली म्हणतात. मला त्या त्याहून कितीतरी गंभीर वाटतात. पाहुणी आली असे म्हणणारा माणूस यजमान असतो. ओटी भरणारे घर असते. भिंत गेली, चूल गेली, पण बोलताना तो अजून यजमानाच्या जागेवरून बोलतो. त्याच्याकडून हिसकावून नेले गेले नाही, त्याने दिले. ही जागा त्याने पुरातून वाचवून आणलेली आहे, आणि तिच्यासकट तो सरांच्या दारात उभा आहे.

माहेरवाशिणीची कल्पना आणखी एका अंगाने खोल आहे. 2008 च्या पुरानंतर नाशिकमध्ये निळी पूररेषा, लाल पूररेषा हे शब्द घराघरात पोहोचले. नदीची हद्द कुठवर, बांधकामाची कुठून, यावर वाद झाले, अजून होतात. ज्या जमिनीवर ते घर उभे आहे ती मुळात नदीच्या येण्याजाण्याची आहे, हे काठावरच्या माणसाला नकाशाशिवाय कळते. माहेरी लेकीचा हक्क असतो. ती परकी म्हणून येत नाही, आपल्याच घरात येते. नदीला माहेरवाशीण म्हणताना त्या माणसाने तो हक्क मान्य करून टाकला आहे. म्हणून त्याच्या बोलण्यात शिवी नाही, शाप नाही, दैवाला बोल नाही. तक्रारीचा अर्ज म्हणून हे बोलणे कुठल्याही कचेरीत दाखल करून घेतले जाणार नाही.

बायको वाचली, हेही तो त्याच रीतीच्या ओघात सांगतो. पाहुणीने सगळे नेले, एवढे मात्र राहिले. पण दोन-तीन ओळींनंतर तिचा उल्लेख पुन्हा येतो तेव्हा ती नुसती बायको राहत नाही, कारभारीण होते. कारभार कसला उरला आहे? चूल विझलेली, भांडी वाहून गेलेली. घराचा कारभार पाहणारी ही तिची पदवी मात्र त्याने तशीच ठेवली. संसार मोडल्याचा उल्लेख नंतर येतो, आणि त्याच्या आधीच या एका शब्दाने संसार चालू आहे असे त्याने नोंदवून ठेवले आहे. मराठी कवितेत पत्नीविषयीचा आदर इतक्या कमी जागेत फार थोड्यांनी सांगितला असेल.

आणखी एक बारकावा. आताच्या कामाविषयी तो म्हणतो ते सगळे चालू काळात आहे: झुंजतो आहे, भिंत उभी करतो आहे, गाळ उपसतो आहे. पूर ओसरलेल्या घरात जो गेला आहे त्याला इथे क्रम उलटा वाटेल. आधी गाळ काढावा लागतो, तो वाळून दगड व्हायच्या आत, आणि भिंत मग. या माणसाच्या तोंडी भिंत आधी येते. गाळ हे आजचे काम आहे आणि भिंत त्याच्या मनातली. बोलताना मन पुढे धावले, हात मागे राहिले. ही चूक नव्हे. माणूस खरा असल्याची ती खूण आहे.

आता तो हात. सात ओळी यजमानासारखा बोलणारा माणूस समोर आहे आणि सरांचा हात खिशाकडे जातो. हेतू निर्मळ आहे. पण त्या एका हालचालीने जागांची अदलाबदल होते. आतापर्यंत सांगणारा तो होता, ऐकणारे सर होते. खिशातून नोट निघाली की देणारे सर होतील आणि घेणारा तो. पुरानेही जी जागा नेली नव्हती ती या खिशातल्या पैशाने जाईल. म्हणून तो उठतो. आल्यावर हसला होता तसा पुन्हा हसतो, म्हणजे सरांना ओशाळवाणे वाटू नये याचीही काळजी तोच घेतो. यजमानाने पाहुण्याची चूक झाकावी तशी तो सरांची हालचाल झाकतो. मग कारण सांगतो, आणि ते कारण ऐकून मी दर वेळी थबकतो. त्याला एकटे वाटले. बायको सोबत आहे, दोघे मिळून राबत आहेत, तरी एकटे वाटले. त्या बाईला आणि त्याला, दोघांनाही बाहेरून कुणी पाहिलेले नाही. आपण जे करतो आहोत ते एका जुन्या माणसाने पाहावे, ज्याने आपल्याला घर असताना पाहिले आहे. पहिल्या ओळीतला प्रश्न इथे उमगतो. ओळख विचारणे हा शिष्टाचार नव्हता, तो त्याच कामासाठी आला होता.

शेवटच्या ओळीत तो पाठीवर हात मागतो. खिशाकडे गेलेला हातच त्याला हवा आहे, फक्त त्याची दिशा बदलून. इतका साधा बदल. आणि कविता तिथे संपते. सरांनी हात ठेवला का, तो शब्द उच्चारला का, हे कवितेत नाही. लोक ती म्हणताना शेवटचे शब्द गर्जून म्हणतात, जणू सरांनीच ते म्हटले. कवितेत ती मागणी आहे, आणि मागणी गर्जून करत नाहीत. पंधरावी ओळ कुसुमाग्रजांनी लिहिली नाही.

माझ्या कामात मला ही कविता इथेच भिडते. निवाऱ्यात माणूस येतो तेव्हा नोंदवहीत रकाने असतात: नाव, वय, मूळ गाव, नातेवाईक, आजार, आधार क्रमांक, सही किंवा अंगठा. सरकारी पंचनाम्यातही असेच रकाने असतात: भिंत किती पडली, धान्य किती भिजले, भांडी किती गेली. ‘कणा’च्या मधल्या ओळी पंचनाम्याशेजारी ठेवून पाहाव्यात. भिंत, चूल, चीजवस्तू, वाचलेली माणसे, सगळी माहिती दोन्हीकडे आहे. पंचनाम्यात फक्त एकच बाब येत नाही: हे ज्याचे गेले तो घरमालक कशा आवाजात बोलत होता. चांगला काळजीवाहक तो आवाज ऐकतो. पेठ, सुरगाण्याकडून मजुरीला आलेले कुटुंब नाक्यावर काम न मिळाल्याने उघड्यावर झोपलेले असते, सिव्हिलमधून सुटी मिळालेल्या म्हाताऱ्याला न्यायला कुणी आलेले नसते, नाशिकरोड स्टेशनवर बाई दोन पोरांना घेऊन बसलेली असते. यांतले जवळजवळ प्रत्येक जण आधी आपल्या घराविषयी बोलते. आमच्याकडे आंबेमोहोर पिकायचा, आमच्या ओट्यावर गावची बैठक बसायची, माझ्या हातचे थालीपीठ खाऊन बघा. रकाना भरायची घाई असणाऱ्याला हे फापटपसारा वाटते. खरे तर तो माणूस आपली जागा सांगत असतो, आपण घेणारे जन्मलो नाही हे सांगत असतो. ते पुरते ऐकून घ्यावे आणि मग आधारचा नंबर विचारावा. ‘कणा’त सात ओळी सर गप्प राहिले, हे मला त्यांचे मोठे काम वाटते.

तरीही या कवितेचा एक गैरवापर मला सलतो, आणि तो बोलून दाखवला पाहिजे. तिच्यातला पैशाचा नकार उचलून काही लोक बेघरांच्या प्रश्नावर शहाणपण सांगतात. लोकांना पैसे देऊ नका, जिद्द द्या, म्हणतात. कविता असे म्हणत नाही. तिच्यातल्या माणसाचे सगळे गेले, पण पडकी का होईना भिंत आहे, ती उभारायला जमीन आहे, सोबतीला बायको आहे, जायला सरांचे घर आहे, आणि अजून हातांत बळ आहे. गाडगे महाराज पुलाखाली झोपणाऱ्याकडे पडकी भिंतही नसते. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 70 हजार माणसे बेघर नोंदली गेली, महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर. रात्री मोजायला गेलेल्याला जे दिसले तेवढेच त्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राज्यांना बजावले की शहरात दर लाख वस्तीमागे बाराही महिने, चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्याचे निकष लिहिले: माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, सामान ठेवायला कुलपाचा कप्पा. नाशिकची लोकसंख्या 2011 मध्येच 14 लाख 86 हजार होती. त्या हिशेबाने चौदा-पंधरा निवारे व्हायला हवेत. हे जिद्दीने होत नाही. त्याला इमारत, पगार, वीजबिल, फिनेल, चादरी धुण्याचा खर्च लागतो.

डिसेंबरच्या थंडीत ब्लँकेटे घेऊन येणारे हात खूप असतात. त्यांतली माया खरी असते. पण काळजीवाहकाचा मार्च महिन्याचा पगार द्यायला कुणी येत नाही. पगार हा देणगीदाराला दान वाटत नाही. ब्लँकेट दिल्याचा फोटो निघतो. रात्री दोन वाजता फिट आलेल्या माणसाला रिक्षात घालून सिव्हिलला नेणाऱ्याचा पगार दिला तर कसला फोटो काढणार? पाठीवर ठेवायच्या हाताला पोट असते, घरभाडे असते, ही गोष्ट ‘कणा’च्या चौदा ओळींत येत नाही, यायचे कारणही नाही. मात्र तिच्या कवीने ती दुसरीकडे, वेगळ्या मार्गाने लिहून ठेवली आहे.

कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’ या नाटकाचा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 रोजी मुंबईत बिर्ला मातुश्री सभागारात झाला. निर्मिती धी गोवा हिंदु असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, म्हाताऱ्या नटाच्या, गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आणि त्यांच्या पत्नी कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. 1974 मध्ये या नाटकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्यावर ‘किंग लिअर’ची सावली आहे हे सर्वांनी सांगितले आहे. मला इथे लिअरच्या एका क्षणाशी काम आहे. मुलींनी बाहेर काढलेला तो राजा वादळात उभा असताना त्याला पहिल्यांदा छप्पर नसलेल्या गरिबांची आठवण होते, आणि राज्य हाती असताना आपण त्यांची फार थोडी फिकीर केली हे त्याला टोचते. बेलवलकरांना ही टोचणी वेगळ्या वाटेने भेटते. ते राजे नव्हते, राजांच्या भूमिका करणारे नट होते. त्यांनी आयुष्यभराची कमाई मुलाला आणि मुलीला वाटून टाकली. नाटकाच्या सुरुवातीला ते ‘कणा’तल्या माणसासारखे देणाऱ्याच्या जागी असतात. पण देऊन झाल्यावर ते मुलांच्याच घरात पाहुणे होतात, आणि यजमानपण अंगात मुरलेल्या माणसाला पाहुणा होणे जमत नाही. नातीला काय शिकवायचे इथून खटके उडतात. मुलाच्या घरून मुलीच्या घरी, मुलीच्या घरात मुख्य घरातून बाहेरच्या खोलीत, मग चोरीचा आळ. छप्पर शेवटच्या क्षणापर्यंत डोक्यावर होते, त्याच्या कितीतरी आधी घर गेलेले होते. कावेरी जाते ती याच काळात. निवाऱ्याच्या नोंदवहीत ‘बेघर होण्याचे कारण’ असा रकाना असतो आणि त्यात ‘कौटुंबिक वाद’ असे दोन शब्द लिहिले जातात. त्या दोन शब्दांच्या आत काय काय असते, ते ‘नटसम्राट’चे पहिले दोन अंक दाखवतात.

शेवटी बेलवलकर रस्त्यावर येतात आणि त्यांना सांभाळतो तो राजा, बूटपॉलिश करणारा पोरगा. नाटक पाहताना सगळ्यांचे लक्ष स्वगतांवर असते. आपण स्वतःच वादळ आहोत आणि त्या वादळाला आता विसाव्याचा एक कोपरा हवा आहे, असे सांगणारे ते प्रसिद्ध स्वगत तर नाट्यगृहाबाहेरही गेली पन्नास वर्षे घुमते आहे. नटाची कसोटी तिथे लागते हे खरे, आणि लागूंनी ती कसोटी काय मोलाची करून दाखवली, हे त्या पिढीचे प्रेक्षक सांगून थकत नाहीत. पण घराची मागणी स्वगतात होते आणि घर मिळते ते राजाकडून. त्याला मोठे भाषण दिलेले नाही. तो त्याच्या फुटपाथवर जागा करून देतो, खायला आणतो, म्हाताऱ्याच्या बोलण्यातले राजे-सेनापती त्याला समजत नाहीत तरी ऐकतो. बेलवलकरांच्या कित्येक तासांच्या बोलण्यापुढे राजाची भूमिका पडद्याआडच्या माणसाची आहे, रंगमंचावर उभी असूनही. लेखकाने त्याला राजा हे नाव दिले, यात मला त्यांची निवड दिसते. छप्पर नसलेल्याने छप्पर नसलेल्याला आसरा दिला, आणि देताना त्याला लहान केले नाही. म्हाताऱ्याचे बोलणे तो त्याच्याच मोठेपणाने बोलू देतो. मुले पश्चात्ताप होऊन शोधत येतात तेव्हा उशीर झालेला असतो. बेलवलकर परत घरी जात नाहीत. ज्या भूमिका जगले त्यांच्या गर्दीत, तिथेच, ते संपतात.

‘नटसम्राट’ उभे करणाऱ्या संस्थेच्या कला विभागाची धुरा रामकृष्ण नायक यांच्यावर होती. प्रेक्षकाला त्यांचा चेहरा दिसण्याचे कारण नव्हते. तारखा, दौरे, गाड्या, हिशेब, नटांची जेवणे, तिकीटविक्री, ही सगळी कामे अशा माणसांची असतात. घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्याची ही कथा गावोगाव नेणाऱ्या याच संस्थेने पुढे गोव्यात फोंड्याजवळ बांदिवड्याला ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धांसाठीचा आश्रम उभा केला, आणि त्यात नायक आघाडीवर होते. नाटक पाहून डोळे पुसणारे हजारो होते. निर्मात्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने तिथून पुढचे पाऊल टाकले.

दुसरी गोष्ट याच मंडळींची. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा लोकांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्यासाठी आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ मोठ्या कलावंतांच्या संचात महाराष्ट्रभर खेळले गेले. जमलेला पैसा कुठल्या इमारतीत घातला नाही, कुणाला वस्तू वाटल्या नाहीत. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्यासाठी तो ठेव म्हणून राखला गेला. मी ‘कणा’ची अकरावी आणि चौदावी ओळ या निधीशेजारी ठेवून वाचतो. खिशाकडे गेलेला हात आणि पाठीवर ठेवलेला हात इथे वेगळे करता येत नाहीत. कार्यकर्त्याला मिळालेली रक्कम छोटी होती, पण ती देताना समाजाने त्याला सांगितले की तुझे काम आम्ही पाहिले आहे. एकटेपणावरचा तो उपाय होता आणि वाण्याचे बिलही त्यातून भागत होते.

कुसुमाग्रजांचे, म्हणजे तात्यासाहेब शिरवाडकरांचे, स्वतःचे वागणे याच जातीचे होते. विद्यार्थीदशेत ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. 1987 चे ज्ञानपीठ मिळाल्यावर 1990 मध्ये नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठान उभे राहिले, आणि वाचनालये, व्याख्याने यांच्या बरोबरीने आदिवासी पाड्यांवरचे काम त्याच्या कार्यक्रमात आले. ‘कणा’तल्या सरांना कवीने जसे आड ठेवले तसेच त्यांनी स्वतःलाही या कामांत आड ठेवले. त्यांच्या आधी याच गोदाकाठावर गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधली, पंढरपूर, देहू, आळंदीला बांधल्या तशीच, आणि बेघरांना आसरा देणे हे त्यांनी देवपूजेच्या जागी धरले. त्यांच्या हाती खराटा असे, आणि धर्मशाळांची मालकी त्यांनी स्वतःकडे किंवा घरच्यांकडे ठेवली नाही.

निवाऱ्यासाठी नवा काळजीवाहक नेमताना मी त्याला नियमांची फाईल देतो आणि सोबत ‘कणा’ची एक प्रत. नियम कुठले मोडायचे नाहीत ते फाईल सांगते. प्रतीवर अकराव्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली असते. त्या ओळीतला हात तुझा आहे, एवढेच मी त्याला सांगतो, आणि मग रात्रपाळीच्या किल्ल्या, औषधांचे कपाट, अँब्युलन्सचा नंबर, कोणत्या खाटेवरच्या माणसाला साखर आहे, याची माहिती देत बसतो.